हजार मुलांचं विद्यापीठ : चोपड्याच्या एका वडिलांना उत्तर

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी यंदा बारावी सायन्सला, गणितात वर्गाच्या पुष्कळ पुढे. गुरुत्वलहरींबद्दल, म्हणजे कृष्णविवरं आदळली की अवकाशातच उठणाऱ्या तरंगांबद्दल, कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून तिनं अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठाचं नाव धरून ठेवलंय. तुम्ही विचारता, खासगी विद्यापीठ आहे म्हणजे डोनेशन असणारच ना? पदवीची सगळी मिळून हजार मुलं. एवढी तर आपल्या तालुक्याच्या कॉलेजात एका वर्षाला असतात, मग एवढ्याशा ठिकाणी एवढ्या लांब लेकीला का पाठवायचं? आणि शेवटी अहिराणीत एकच ओळ लिहिलीत, "पोर हुशार शे, पन पैसा कोन दी?"

मी अमळनेरला राहतो. तीसेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, आणि त्याआधी पीएचडी झाल्यावरची दोन वर्षं कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनात याच संस्थेत काढली. आपल्या भागातून संशोधनाकडे वळलेल्या मुलामुलींचे अर्ज तपासले, शिफारसपत्रं लिहिली, त्यांच्या आईवडिलांशी रात्ररात्र बोललो. तेव्हा उत्तर लांबेल, पण पैशाचा प्रश्न बगल देऊन सोडणार नाही.

आधी 'खासगी' या शब्दाचं बघू. आपल्याकडे खासगी म्हटलं की मॅनेजमेंट कोटा आणि पावती नसलेली रक्कम आठवते, आणि आठवावी असेच अनुभव लोकांनी घेतलेत. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ एवढाच, की संस्था राज्य सरकार चालवत नाही, विश्वस्त मंडळ चालवतं. कॅलटेकला देणग्या मिळतात, त्याही प्रचंड. चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचे गॉर्डन मूर इथूनच १९५४ साली पीएचडी झाले होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं २००१ मध्ये ६० कोटी डॉलर देऊ केले. २०१९ मध्ये रेझ्निक दांपत्यानं ७५ कोटी डॉलर दिले. पण देणगीदाराचं नाव इमारतीला लागतं, प्रवेश यादीला लागत नाही. वडील तिथे शिकले म्हणून मुलाला झुकतं माप, ही अमेरिकेतल्या बऱ्याच बड्या विद्यापीठांची जुनी रीत. कॅलटेकनं ती पाळली नाही. पैसे देऊन जागा मिळत नाही. तुमच्या आमच्यासारख्यांसाठी ही चांगली बातमी आहे आणि कठीणही, कारण शंभर अर्जांमागे तीन-चार जणच आत जातात.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. संस्था खासगी असली तरी संशोधनाचा बराचसा पैसा सरकारचा असतो. नासा, तिथलं राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान, आरोग्य संस्था यांच्याकडे प्राध्यापक प्रस्ताव पाठवतात, मंजूर झाला की प्रयोगशाळा चालते. मंगळावर गाड्या उतरवणारी जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी, जेपीएल, ही नासाची. पण ती नासासाठी चालवतं कॅलटेक. १९३० च्या दशकात कॅलटेकचे विमानशास्त्राचे प्राध्यापक थिओडोर फॉन कारमान यांचे काही विद्यार्थी आणि त्यांचे मित्र गावाबाहेरच्या कोरड्या नदीपात्रात रॉकेटचे प्रयोग करायचे, त्यातून ही प्रयोगशाळा उभी राहिली. आज तिचा वार्षिक व्यवहार खुद्द संस्थेच्या व्यवहारापेक्षा मोठा आहे.

आता संस्थेच्या लहान असण्याकडे येतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे.

१८९१ साली एमॉस थ्रूप नावाच्या गृहस्थानं पॅसाडीनात एक शाळा काढली. सुतारकामापासून सगळं शिकवणारी. गावाजवळच्या माउंट विल्सनवर वेधशाळा बांधायला जॉर्ज एलरी हेल हे खगोलशास्त्रज्ञ आले, शाळेच्या विश्वस्त मंडळात गेले आणि त्यांनी सगळ्यांना पटवलं की इथे एकच गोष्ट करू पण जगात उत्तम करू. खालचे वर्ग, इतर अभ्यासक्रम कापून टाकले. मुलं मूठभर उरली. मग हेलनी रसायनशास्त्राचे आर्थर नॉइज आणि भौतिकशास्त्राचे रॉबर्ट मिलिकन यांना ओढून आणलं. १९२० मध्ये संस्थेला आजचं नाव मिळालं, १९२३ मध्ये मिलिकनना नोबेल मिळालं. म्हणजे ही संस्था वाढायची राहून गेली म्हणून लहान नाही. तिनं लहान राहायचं ठरवलं आणि शंभर वर्षं तो निर्णय पाळला. आज पदवीची सुमारे १०००, पदव्युत्तर आणि पीएचडीची सुमारे १४०० मुलं, आणि प्राध्यापक जवळजवळ ३००. पदवीच्या तीन-साडेतीन मुलांमागे एक प्राध्यापक. मी शिकवायला लागलो तेव्हा माझ्या पहिल्या वर्गात १२० मुलं होती. त्यातल्या किती जणांच्या वहीत मी खरोखर डोकावू शकलो, हे मला आजही टोचतं.

लहान असण्याचा उपयोग काय होतो, हे आकड्यांत सांगण्यापेक्षा एका माणसाच्या कामातून सांगतो. क्लेअर पॅटर्सन १९५२ मध्ये कॅलटेकला आले. पृथ्वीचं वय काढायचं, एवढाच त्यांचा ध्यास. उल्केतल्या शिशाच्या वेगवेगळ्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण मोजलं तर वय निघतं, पण मोजणी दरवेळी बिघडायची. शिसं हवेत, भांड्यांत, माणसाच्या केसांतसुद्धा सापडायचं. त्यांनी इतकी स्वच्छ प्रयोगशाळा बांधली की तशी तोवर क्वचितच कुणी बांधली असेल. १९५६ मध्ये त्यांनी उत्तर छापलं, ४५५ कोटी वर्षं. आजही तोच आकडा चालतो. दुसरा कुणी इथे थांबला असता. पॅटर्सनना मात्र प्रश्न पडला, की हे एवढं शिसं आलं कुठून? समुद्राचं पाणी आणि ध्रुवाकडचा बर्फ तपासत ते पेट्रोलपर्यंत पोचले. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून पेट्रोलमध्ये शिसं घालत. त्यांनी ते उघड लिहिलं. तेल उद्योगाकडून त्यांच्या कामाला मिळणारा पैसा थांबला. पण नोकरी राहिली, प्रयोगशाळा राहिली, काम चालू राहिलं. पुढे अमेरिकेनं शिशाचं पेट्रोल टप्प्याटप्प्यानं बंद केलं. आपल्या देशात ते २००० साली बंद झालं. जळगावच्या रस्त्यावर स्कूटरमागे बसलेल्या लेकराच्या फुप्फुसात आज ते शिसं जात नाही, त्यात या हट्टी माणसाचा वाटा आहे. भूगर्भशास्त्राचा माणूस उल्केकडून समुद्राकडे, समुद्राकडून पेट्रोलकडे गेला आणि 'हा तुमचा विषय नाही' म्हणत कुणी त्याला अडवलं नाही. मला ही संस्था आवडते ती याचसाठी.

विषयांच्या भिंती तिथे खरोखरच पातळ आहेत. पन्नास वेगवेगळे विभाग नाहीत, सहा मोठी दालनं आहेत. भौतिकी, गणित आणि खगोलशास्त्र एकाच दालनात. भूशास्त्र आणि ग्रहविज्ञान दुसऱ्यात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड फाइनमन, जॉन हॉपफील्ड आणि कार्व्हर मीड यांनी मिळून 'गणन आणि भौतिकी' असा एक वर्ग चालवला. एक कणभौतिकीचा, दुसरा रेणू आणि मेंदूकडे वळलेला, तिसरा चिप बनवणारा. हॉपफील्डनी १९८२ मध्ये मांडलेल्या न्यूरल जाळ्याला, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या धर्तीवरच्या गणिती जाळ्याला, २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मोठ्या विद्यापीठातही अशी तीन माणसं असतात, पण ती तीन वेगळ्या इमारतींत बसतात आणि त्यांची गाठ निवृत्तीच्या समारंभातच पडते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परक्या मुलखाचं. म्हणून आपल्या मुलखातल्या दोन जागा सांगतो. त्यांच्याशिवाय कॅलटेक मला कळलं नसतं.

चाळीसगावजवळ पाटणं आहे, पाटणादेवीचं. गौताळ्याच्या जंगलाच्या पायथ्याशी. तुम्ही नवस फेडायला गेला असाल. तिथे शके ११२८ चा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्यानं पाटण्याला मठ काढला, कशासाठी, तर आजोबांचे आणि आपल्या घराण्यातले गणित-ज्योतिषाचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. निकुंभ घराण्यातल्या सोईदेवानं त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग संस्कृत सोडून चक्क मराठीत येतो, आणि त्यात पैशाचा हिशेब आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या करातला वाटा मठाला. तेलाच्या घाण्यांवरचं तेल मठाला. जुन्या मराठीच्या अभ्यासकांना हा लेख भाषेसाठी प्रिय. मला तो यासाठी प्रिय, की आठशे वर्षांपूर्वी खानदेशात कुणीतरी नीट विचार केला होता, की दहा-वीस माणसांनी बसून गणित करायचं तर त्यांच्या दिव्याला तेल कुठून येणार.

दुसरी जागा माझ्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर. गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ साली ते स्थापन केलं. देशभरातून निवडक तरुण यायचे, त्यांना राहायला जागा आणि विद्यावेतन मिळायचं, आणि काम एकच, वाचणं, वाद घालणं, लिहिणं. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३० च्या दशकात इथे संचालक होते. घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती अशी माणसं या गावात राहून लिहीत होती. इथून इंग्रजीत निघणारं तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक १९२५ पासून जगभर जायचं. साने गुरुजी अमळनेरला आले तेही आधी इथे तत्त्वज्ञान शिकायला; प्रताप हायस्कूलचे मास्तर ते नंतर झाले. खासगी पैशावर उभी राहिलेली, मुद्दाम लहान ठेवलेली, संशोधनापुरती संस्था. वर्णन कॅलटेकला लागू पडतं तसंच याला.

मग फरक कुठे पडला? मला वाटतं, पायांच्या संख्येत. तत्त्वज्ञान मंदिर एका शेठच्या औदार्यावर उभं होतं, पाटण्याचा मठ एका सरदार घराण्यावर. दाता गेला, काळ बदलला की तेल आटतं. कॅलटेकला कार्नेगी आणि रॉकफेलर या अमेरिकन उद्योगपतींच्या प्रतिष्ठानांनी पैसा दिला, नंतर सरकारनं दिला, नंतर तिथूनच शिकून गेलेल्यांनी दिला. कॅलटेकच्या पालोमार डोंगरावरच्या २०० इंची दुर्बिणीसाठी रॉकफेलरांच्या मंडळानं १९२८ मध्ये ६० लाख डॉलर मंजूर केले; दुर्बीण सुरू झाली १९४८ साली. वीस वर्षं कुणीही 'निकाल दाखवा' म्हणालं नाही. तिचा काचेचा आरसा न्यूयॉर्क राज्यातून रेल्वेनं आणला, गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही असा हुकूम, आणि वाटेतल्या स्टेशनांवर माणसं बघायला गोळा. भुसावळ जंक्शनजवळ वाढलेल्या माणसाला हे दृश्य लगेच डोळ्यांपुढे येतं. मग पॅसाडीनात अकरा वर्षं, मधली युद्धाची वर्षं धरून, तो आरसा घासून तयार केला.

आपल्या देशातही हाच मार्ग काहींनी धरला. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली जमशेटजी टाटांच्या दानातून उभी राहिली, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) १९४५ मध्ये टाटा ट्रस्टच्या मदतीनं. आणि बंगळूरचा कॅलटेकशी धागा आहे. मिलिकन आणि त्यांचे सहकारी १९३९-४० च्या हिवाळ्यात अवकाशातून येणारे विश्वकिरण मोजायचे फुगे सोडायला भारतात आले होते; त्यांनी बंगळूरहूनही फुगे सोडले. सतीश धवन यांनी १९५१ मध्ये कॅलटेकमधून हान्स लीपमान यांच्या हाताखाली पीएचडी केली. विक्रम साराभाई १९७१ च्या डिसेंबरात अचानक गेले तेव्हा धवन रजेवर कॅलटेकमध्येच होते. इंदिरा गांधींचा निरोप तिथे पोचला. अवकाश कार्यक्रमाची धुरा घेताना त्यांनी सांगितलं की विज्ञान संस्थेचं संचालकपद मी सोडणार नाही आणि मुख्यालय बंगळूरला हवं. दोन्ही मान्य झालं. आज श्रीहरिकोट्याला त्यांचं नाव आहे. आणि मराठी मुलुखातलं नाव हवं असेल तर श्रीनिवास कुलकर्णी. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, शाळा हुबळीला. कॅलटेकमध्ये ते खगोलशास्त्राचे प्राध्यापक. १९९५ मध्ये त्यांच्या गटानं पालोमारच्याच दुर्बिणींवरून तपकिरी बटू ताऱ्याचा (तारा होता होता राहिलेल्या गोलाचा) पहिला ठाम पुरावा दिला. २०२४ चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला.

तुमच्या लेकीला ज्यानं ओढलं त्या गुरुत्वलहरींबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ती गोष्ट तिनं फक्त शेवटाकडून ऐकली असणार. कॅलटेकच्या आवारात ४० मीटर लांबीच्या दोन भुजांचं एक उपकरण आहे. मी तिथे होतो तेव्हा ते बघायला पुष्कळदा जायचो. निर्वात नळ्या, आरसे, लेझर, आणि कोपऱ्यात न झोपलेली दोन-तीन मुलं. पुढे त्याच धर्तीवर, अमेरिकेतल्याच एमआयटी विद्यापीठाबरोबर, ४ किलोमीटर भुजांच्या दोन वेधशाळा उभ्या राहिल्या. २००२ ते २०१० त्या चालल्या आणि काहीही सापडलं नाही. एकही लहर नाही. त्यांनी उपकरण आणखी नाजूक केलं, आणि १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर मिळाली. १३० कोटी प्रकाशवर्षं दूर, दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळलेली. २०१७ चं नोबेल रेनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना; शेवटचे दोघे कॅलटेकचे. तिला विचारा, आठ वर्षं हाताला काहीही लागत नसताना रोज सकाळी तेच उपकरण साफ करायला जमेल का? ज्या मुलांना या प्रश्नाची भीती वाटण्याऐवजी ओढ वाटली, तीच पुढे टिकलेली मी पाहिली.

आणि तिसरी तशीच वेधशाळा आपल्याकडे होते आहे, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. ज्योतिर्लिंगाला आपली माणसं चोपड्याहून जातातच. म्हणजे तुमची लेक जे शिकायला सातासमुद्रापार जाईन म्हणते, ते काम ती पीएचडी करेल त्या वयात मराठवाड्यात माणसं शोधत असेल.

आता तिथल्या रोजच्या जगण्याबद्दल. बऱ्याच परीक्षा मुलं घरी नेतात. पाकिटावर लिहिलेलं असतं, तीन तास, पुस्तक उघडायचं नाही. मूल आपल्या खोलीत बसतं, घड्याळ लावतं, वेळ संपली की पेन ठेवतं. पर्यवेक्षक नाही, पथक नाही. संस्थेचा नियम एका वाक्याचा आहे: इथल्या कुणीही इथल्या दुसऱ्या कुणाचा गैरफायदा घेऊ नये. बारावीच्या केंद्राबाहेर भरारी पथकाची गाडी बघत मोठा झालेला मी, पहिल्यांदा हे ऐकून माझा विश्वासच बसला नव्हता. पण ते चालतं, कारण तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. गृहपाठ एकत्र बसून सोडवायला उलट उत्तेजन असतं. फक्त उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि कुणाची मदत घेतली ते सांगायचं.

मात्र याची दुसरी बाजू लपवली तर तुमच्याशी प्रामाणिक राहिलो असं होणार नाही. तिथला अभ्यास फार जड आहे. पुढे इंग्रजी साहित्यासारखा विषय घेणाऱ्यालाही भौतिकी, गणित, रसायन, जीवशास्त्र सक्तीचं. आणि भौतिकीवाल्यालाही मानव्यविद्येचे तास सक्तीचे. आयुष्यभर पहिला आलेला मुलगा पहिल्याच महिन्यात वर्गाच्या मध्यावर किंवा खाली सापडतो. हे ओळखूनच पहिल्या दोन सत्रांना श्रेणी देत नाहीत, फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. तरी काही मुलं कोमेजतात. जिला घरी 'मला जमत नाहीये' असं सांगता येत नाही, तिनं अशा ठिकाणी जाऊ नये असं मी स्पष्ट सांगतो. तुमच्या घरात ते सांगता येतं का, हे तुम्हालाच ठाऊक. शिवाय लहान जागेत पर्याय कमी. वैद्यकीय नाही, शेती नाही, कायदा नाही. आपल्या विषयाचा एकच प्राध्यापक असेल आणि तो दुसरीकडे गेला, तर अख्खी वाट बंद होते. उद्या तिला केळीच्या रोगांवर काम करावंसं वाटलं, आणि आपल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या मुलीला तसं वाटणं अगदी योग्य आहे, तर शेतकीचं मोठं विद्यापीठ शंभर पटीनं बरं.

मुलगी म्हणून काळजी असेल, तर एवढं सांगतो. पदवीला मुली घ्यायला या संस्थेनं १९७० मध्ये सुरुवात केली, म्हणजे बऱ्याच उशिरा. मी होतो तेव्हा वर्गात मुली कमीच दिसायच्या. २०२४ मध्ये पहिल्या वर्षात आलेल्यांत मुली प्रथमच निम्म्या झाल्या. २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या फ्रान्सिस अर्नोल्ड तिथल्याच.

आता पैसा कोन दी.

पदवीसाठी, बारावीनंतर लगेच गेली तर फी, राहणं, खाणं मिळून वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास खर्च येतो. रुपयांत पाऊण कोटीच्या वर, आणि अशी चार वर्षं. मदत मिळते, परदेशी मुलांनाही मिळते. पण परदेशी मुलाला किती मदत लागणार हे प्रवेश ठरवताना पाहिलं जातं, आणि अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल तर नंतर मिळेल या आशेवर राहू नये. अर्ज करायचा असेल तर मदतीसकट करा, आणि मिळालं नाही तर विषय तिथेच सोडा. यासाठी जमीन गहाण टाकू नका. मी दोन घरं अशी पाहिली, जिथे पदवीच्या कर्जापायी बापानं शेत विकलं आणि ते ओझं डोक्यावर घेऊन शिकणाऱ्या मुलाचं अभ्यासात मन लागेना. संशोधनाला मोकळं मन लागतं. ज्याला पहिल्या दिवसापासून हप्ता दिसतो तो अवघड प्रश्नाला हात घालत नाही.

पीएचडीचं गणित मात्र पूर्ण उलटं आहे, आणि आपल्या बहुतेक पालकांना ते कुणी सांगितलेलंच नसतं. पीएचडीला प्रवेश मिळाला की फी संस्था किंवा प्रकल्प भरतो, वर दरमहा विद्यावेतन मिळतं. त्यात एका माणसाचं साधं भागतं. पाच-सहा वर्षं लागतात, अधूनमधून शिकवावं लागतं, पण घरून रुपया जात नाही. मी ज्यांना ज्यांना तिकडे पाठवलं ते सगळे या वाटेनं गेले. त्यांतल्या एकाचे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांचा खर्च झाला तो व्हिसाचा, विमानाच्या तिकिटाचा आणि दोन स्वेटरचा.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. पदवी इथे, पीएचडी तिथे. विज्ञान शिकवणारी पुण्याची केंद्रीय संस्था आयसर, बंगळूरची विज्ञान संस्था, कुठली तरी आयआयटी, यांपैकी जिथे प्रवेश मिळेल तिथे. नाहीच मिळाला तर जळगावच्या आपल्या विद्यापीठातल्या चांगल्या कॉलेजातून बीएस्सी करून मग एमएस्सीसाठी जॅमची परीक्षा द्यायची. खानदेशातून पुढे गेलेली निम्मी मुलं याच दुसऱ्या वाटेनं गेलीत, आणि त्यात कमीपणा काही नाही. पीएचडीच्या निवडीत कॉलेजच्या नावाइतकंच, कधी त्याहून जास्त, एक पत्र चालतं: ज्याच्या हाताखाली मुलीनं खरंखुरं काम केलं त्या शिक्षकाचं पत्र. 'विद्यार्थिनी हुशार व होतकरू आहे' अशा पत्राला तिथे किंमत नाही. 'हिनं माझ्या मोजणीतली चूक शोधली, ती अशी' या एका वाक्याला आहे. असं वाक्य कुणी लिहावं, तर तसं काम आधी व्हायला हवं. म्हणून दुसऱ्या वर्षापासून दर उन्हाळ्यात कुठेतरी प्रकल्प: पुण्याची खगोलशास्त्राची संस्था आयुका, टीआयएफआर, नारायणगावाजवळची महाकाय रेडिओ दुर्बीण. कॅलटेकचाही दहा आठवड्यांचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम आहे, १९७९ पासून चालू; बाहेरच्या मुलांनाही घेतात आणि पैसेही देतात. गुरुत्वलहरींच्या गटाकडे भारतातली मुलं या वाटेनं गेली आहेत.

आणि तोवर, म्हणजे आत्ता? जेईईचा क्लास सुरू असेल, तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण आठवड्यातून एक संध्याकाळ असा एक प्रश्न तिच्यापुढे ठेवा ज्याचं उत्तर मागच्या पानावर नाही. तापीच्या पुलावरून खाली पाण्याचा वेग मोजायचा कसा? पुलाला हात न लावता त्याची उंची किती? रात्री ओट्यावरून दिसणारा एक तारा महिनाभर रोज किती मिनिटं लवकर उगवतो? उत्तरापेक्षा ती चुकते कशी आणि चूक सापडल्यावर काय करते ते बघा.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन एक दिवस अमळनेरला या. चोपड्याहून सकाळच्या एसटीनं निघालात तर तासाभरात पोचाल. तत्त्वज्ञान मंदिराची वास्तू तिला दाखवतो, मग घरी बसून बोलू. गुणपत्रिका आणू नका. तिची गणिताची कच्ची वही आणा, खाडाखोड असलेली.